कानबाईचा बिनखांबी मांडव
ओल्या चिरलेल्या बांबूचा वास आला की मला सुरतेतल्या उधन्याची आमची गल्ली आठवते. वास्तुकलेचं शिक्षण संपवून मी नुकताच घरी आलो होतो आणि श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची देवी, कानबाई, बसवायच्या मांडवाचं काम गल्लीने माझ्यावर सोपवलं होतं. खांब रोवले तर बायकांना देवीपुढे बसायला जागा उरत नव्हती, म्हणून मी बांबूच्या कांबी वाकवून गल्लीभर कमानी उभ्या केल्या, त्या एकमेकींत गुंफल्या आणि वर मिलमधलं साडीचं हलकं कापड ताणलं. आत गुलाबी उजेड पडला होता. पण आत कोणी येईना. काही वर्षांपूर्वी लूमच्या कारखान्याचं छप्पर कोसळून शेजारच्या काकूंचे यजमान गेले होते. काकू दारातूनच म्हणाल्या, "खांब नसलेल्या छपराखाली मी देवी बसू देणार नाही." मी त्यांना वारा, वजन, कमानीचा जोर, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, हे पडलं तर अंगावर काय येईल?" मी म्हणालो, "कापड आणि चार कांबी, काकू. तुम्ही हातानं बाजूला साराल." मग त्या आत आल्या. एक कमान दोन्ही हातांनी धरून त्यांनी जोरात हलवली. सगळा मांडव झुलला आणि पुन्हा जागेवर आला. काकूंनी पाट मागवला आणि देवीची जागा स्वतः सारवली. त्यानंतर मी पक्क्या इमारती पुष्कळ बांधल्या, पण काकूंचा प्रश्न तिथे मला कोणी विचारला नाही.