अंबूबाईच्या लुगड्यातलं बुजगावणं

सोनाळ्यात अंबूबाईचा आवाज आधी यायचा आणि अंबूबाई मागून. बाजाराच्या दिवशी गल्लीच्या वळणावर तिची जागा ठरलेली. समोर वांग्यांचा ढीग, बाजूला हिरव्या मिरच्या. वांगं दाबून पाहणाऱ्याला ती म्हणायची, "दाबू नको बावा! तुले तुया सासऱ्यानं असं दाबून पाह्यलं असतं, तं तुयं लगन झालं असतं का?" नवरा तुळशीराम मागं पोत्यावर बसून सुपारी कातरायचा. त्या घरात बोलायचं खातं तिच्याकडं होतं आणि हसायचं त्याच्याकडं. पहाटे तुळशीला पाणी, देवापुढं दिवा आणि मग वावर, हा तिचा नेम लग्न होऊन आली तेव्हापासूनचा.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा गुलाबरावांनी जीप आणली. लिलावातली, जुनी, पण गावातली पहिली. गुलाबराव हौशी माणूस. खामगावच्या इंद्रभान मिस्त्रीकडून त्यांनी जीपला पुढून जाड लोखंडी गार्ड लावून घेतलं, त्याची दोन टोकं शिंगांसारखी वर काढलेली. बॉनेटवर पितळेचा सिंह बसवला. आणि त्या सिंहासकट ती जीप एका बाजाराच्या दिवशी वळणावर अंबूबाईला लागली.

वेग फार नव्हता. पण गार्डाचं टोक मांडीत घुसलं आणि कपाळ सिंहावर आपटलं. गुलाबरावांनी स्वतः तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि खामगावच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेनं ती एका हातानं कपाळावर फडकं दाबून दुसऱ्या हातानं त्यांना झापत होती. "बैलाच्या शिंगाले आपन पोयाले पितळी शेंब्या घालतो, कोनाले लागू नाई म्हनून. अन् तुमी? लोखंडाले शिंगं काढले! तुमची गाडी हाये का रेडा हाये?"

जखम भरली. अंबूबाई चालती-फिरती झाली, तसे गुलाबराव लुगडं आणि नारळ घेऊन सोनाजी महाराजांच्या देवळात तिला भेटले. चार लोक होतेच. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, सांगा, काय करू?"

"लुगडं नको मले. माह्या वावरातलं बुजगावनं जीपपुढं उभं करा अन् द्या धडक. त्याच्या डोक्याचं मडकं फुटलं नाई, की मंग फिरवा जीप गावातून. तोवर ते वेशीबाहीर राहीन."

"एवढंच ना? कबूल!" गुलाबरावांनी हसत पायरीला हात लावला. अंबूबाईनंही लावला. देवापुढचा शब्द झाला.

धडक त्याच संध्याकाळी दिली. मडक्याच्या खापऱ्या पितळी सिंहाच्या तोंडात अडकून राहिल्या. आलेली माणसं हसता हसता गप्प झाली, कारण बुजगावण्याच्या अंगावर अंबूबाईचंच जुनं लुगडं होतं. जीप वेशीबाहेर बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

इथंच गोष्ट संपली असती. पण गुलाबरावांच्या शरयूचं लग्न ठरलं. जीप घेतली तीच मुळी लेक आपल्या दारातून आपल्या गाडीत बसून सासरी जावी म्हणून. आणि त्यांच्या दारातून निघणारी वाट बाजारगल्लीतूनच जाते.

शरयू अंबूबाईच्या वावरातले कच्चे पेरू खाऊन मोठी झालेली. एका दुपारी ती येऊन चुलीपाशी बसली. "अंबूकाकू, बाबा तोंडानं काई म्हनत नाईत. पन रोज जाऊन जीप पुसतात. सोडा ना त्याईले शब्दातून."

अंबूबाईची तव्यावरची भाकर उलटायचीच राहिली. पोरीला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. पण देवाच्या पायरीवर ठेवलेला हात काही उचलता येत नाही.

"शब्द नाई सोडत वं माय," ती म्हणाली. "जीपच सुधारू."

तुळशीरामानं मागून सुचवलं, "मडक्याच्या जागी तांब्याचा गुंड बसवून दे. फुटायचं नावच नाई."

"अन् देव काय डोये झाकून बसला हाये? तुमी आपली सुपारी कातरा."

पहिली युक्ती तिचीच. घरातली सगळ्यात जाड गोधडी तिनं जीपच्या तोंडाला बांधली. राजाचीही गादी नसेल अशी मऊ! गुलाबराव जीप घेऊन निघाले आणि ओढ्यापर्यंत जायच्या आत इंजिनातून वाफेचा लोट उठला. गोधडीनं रेडिएटरची जाळीच झाकून टाकली होती. तुळशीराम पोट धरून हसला. "अवं, तू तिले बायंतिनीसारखं गुंडाळलं! तिले वारा नको का?"

"हसा, हसा," अंबूबाई म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरेना. गोधडीला अजून आठवडाभर तेलाचा वास येत होता.

मग ते खामगावला गेले, गुलाबराव, ती आणि मागच्या सीटवर लुगडं नेसलेलं बुजगावणं. नवं मडकं, चुन्यानं काढलेले डोळे. वाटेत एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "कोन्या देवीची मूर्ती नेऊन राह्यले बाप्पा?" अंबूबाईनं तिला हसून पेरू दिला.

इंद्रभान मिस्त्री तरणा, आपल्या कामाची घमेंड असलेला. गार्ड काढायचं म्हटल्यावर त्याला राग आला. "मावशी, हे माह्या हातचं काम हाये. म्हैस धडकली तरी वाकनार नाई."

"तेच तं! ते वाकत नाई म्हनून मानूस वाकते. ये, पुढं उभा राह्य."

तो उभा राहिला. शिंग त्याच्या मांडीला आलं. मग ती उभी राहिली, शिंग मांडीवरच्या जुन्या वणाशी. मग तिनं जमिनीपासून हात वर धरला, तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवर. "अन् लेकरू?"

शिंग बरोबर हनुवटीखाली येत होतं. इंद्रभानची पोरगी तेवढीच होती. तो आत गेला आणि लोखंड कापायची गॅसची नळी घेऊन आला. संध्याकाळपर्यंत गार्ड तुकडे होऊन भंगारात पडलं होतं. सिंह निघताना गुलाबरावांनी मात्र तोंड फिरवलं.

पुढचे काही दिवस गॅरेजात नुसती धमाल. इंद्रभाननं ट्रकचं जुनं टायर कापून आडवं वळवलं आणि मागं दोन स्प्रिंगा देऊन बसवलं, गुडघ्याच्या खाली येईल असं. आत जिनिंगमधला वाया गेलेला कापूस ठासून भरला. जाळी उघडी ठेवली. गोधडीची गोष्ट त्याला गुलाबरावांनी तीनदा सांगितली होती. बॉनेटच्या खाली टेकणांवर त्यानं काथ्याच्या जाड गाद्या घातल्या, म्हणजे वरून भार आला की पत्रा थोडा दबावा. आता तोच अंबूबाईला विचारायला लागला, "मावशी, इथीसा हात लावून पाह्य. टोचते काय?" ती सगळीकडून हात फिरवायची, टाचेनं टायरला लाथ मारायची, आणि म्हणायची, "आता गाडी मानसात आली."

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत धडक झाली. टायरानं बुजगावण्याचे पाय घेतले, ते बॉनेटवर पडलं, पत्रा दबला, मडकं शाबूत! गुलाबराव ओरडले, "जिंकलो!" आणि त्यांनी ब्रेक दाबला. तसं बुजगावणं उडून पुढं जमिनीवर गेलं. मडक्याचे दोन तुकडे.

"हे धरायचं नाई!" गुलाबराव म्हणाले. "जीपनं नाई फोडलं. जमिनीनं फोडलं."

"मंग जमिनीले वेशीबाहीर ठेवू का, गुलाबराव? पडनाऱ्या बाईसाठी जमीन काय गादी घालून बसते?"

इंद्रभान डोकं खाजवत बसला. टायर झालं, कापूस झाला, काथ्या झाला. जमिनीला काय लावणार? शेवटी तोच म्हणाला, "गाडीचं अंग जमलं. आता तिची चाल पाहा लागते. हळू आली, तं मानूस बॉनेटवर लवंडीन, उडनार नाई. बाजारात बैलगाडीच्या चालीनंच न्यायची. नाई तं माह्या टायराचा काई उपेग नाई."

"बैलगाडीच्या चालीनं?" गुलाबरावांचं तोंड उतरलं. "मंग जीप कायले घेतली?"

"लेकीले न्यायले," अंबूबाई म्हणाली. "पोट्टी निघाली घरातून, तं घाई कोनाले हाये? तुमाले?"

गुलाबरावांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "नाई बा. मले तं बिलकूल नाई."

हळदीच्या आदल्या दिवशी अख्खं सोनाळा गाव वेशीवर जमलं. अंबूबाई सकाळी देवळात जाऊन आली. काय मागितलं, कोणाला सांगितलं नाही. तुळशीरामानं बुजगावणं उभं केलं, बांबू नुसता टेकवून. त्याला पदर मात्र तिनंच नीट घेऊन दिला. शरयू आईच्या मागं उभी होती, ओठ घट्ट मिटून.

जीप आली बैलगाडीच्या चालीनं. टायर टेकलं. बुजगावणं कमरेत वाकलं, बॉनेटवर आडवं झालं. गुलाबरावांनी ब्रेक लावला. ते हललं नाही. उशीवर डोकं ठेवावं तसं पडून राहिलं. पण मडकं टेकताना 'टक्क' असा आवाज झाला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला.

कोणी हसलं नाही. अंबूबाई पुढं झाली. तिनं मडकं उचललं, उन्हात फिरवून पाहिलं. चीर दिसत नव्हती. पण न दिसणारी चीरही असते. मडकं विकत घेणारी बाई डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. तुळशीराम हळूच म्हणाला, "आता राहू दे ना वं." तिनं ऐकलं नाही. मडकं कानाशी धरलं आणि बोटाच्या पेरानं वाजवलं.

ठण्ण!

फुटक्या मडक्यातून असा आवाज येत नाही. तिनं पुन्हा वाजवलं, दुसऱ्या बाजूनं. ठण्ण! तिनं मडकं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.

"पक्कं हाये!" ती ओरडली. "शरयू, तुयी गाडी आली वं!"

मग काय गलका! कोणीतरी म्हणालं, "पाहा, बुजगावन्याले झोप लागली!" गुलाबराव जीपमधून उतरले, टायराच्या पुढं चक्क मातीत बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसायला लागले.

लग्न लागलं. शरयू आपल्या दारातून निघाली, हिरव्या चुड्याचे हात मांडीवर, डोळे रडून लाल. जीप बाजारगल्लीत शिरली. बैलगाडीची चाल राखायची, तर पुढं कोणीतरी चालायला हवं होतं. अंबूबाई नव्या लुगड्यात, जीपकडं पाठ करून, बरोबर टायराच्या पुढं चालली होती. दोन्ही बाजूंनी बाया अक्षता टाकत होत्या, ती प्रत्येकीशी दोन शब्द बोलत होती, आणि जीपला थांबावं लागत होतं.

अखेर गुलाबरावांनी भोंगा वाजवला.

"वाजवू नका!" तिनं मागं न पाहताच म्हटलं. "पोट्टीले गाव पाहू द्या."