घरच्या दुकानातले टायर

लोक त्यांना व्यायामवाल्या बाई म्हणत. बदललेले गुडघे, आखडलेले खांदे, अर्धांगाच्या झटक्यानंतर रुसून बसलेले हात, असं सगळं लोकांच्या घरी जाऊन हलतं करायचं, हा त्यांचा व्यवसाय. दवाखाना त्यांनी कधी थाटलाच नाही. "ज्याला चालता येत नाही त्याला माझ्यापर्यंत चालत ये म्हणून कसं सांगू?" असं त्या म्हणायच्या. त्यांचा दवाखाना म्हणजे एक छोटी करडी गाडी. पुढच्या सीटवर भलामोठा चेंडू, मागे रबरी पट्टे, घडीचं स्टूल आणि एका पेशंटनं परत केलेला, दुसऱ्याची वाट बघणारा वॉकर. त्या गाडीत कुणाला बसवायचं तर आधी त्याच्या मांडीवर चेंडू द्यावा लागे.

नवरा कॉलेजात ग्रंथपाल होता. मुलगी शिकायला लांब गेलेली. घरात दोघंच, त्यामुळे बोलणं कमी आणि समजणं जास्त, असा संसार चालला होता.

गाडीच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकनं सांगितलं, "बाई, पुढच्या टायरांवरची नक्षी पार पुसली गेलीय. मागचे त्यांच्याच वाटेवर आहेत. चारही बदला."

बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांचे निम्मे पेशंट टेकडीवरच्या वसाहतीत राहत. तिथून खाली येणारा रस्ता मोठ्या उताराचा, शेवटी बेकरीपाशी एकदम वळणारा. ओला असला की बाई तो उतार पहिल्या गिअरमध्ये उतरत. म्हणून टायर घ्यायचे तर नीट बघून घ्यायचे, असं ठरवून त्या दोन-तीन दुकानं हिंडल्या. चौकातल्या दुकानात गल्ल्यावर जाड चष्म्याची एक बाई बसायची. तिनं किंमत सांगायच्या आधी विचारलं, "तुम्ही गाडी कुठे फिरवता ते सांगा, मग टायरचं बोलू."

बाईंनी उताराचं सांगितलं.

"मग हा नको," चष्मेवाली एका टायरवर हात ठेवत म्हणाली. "याचं रबर कडक. वर्षानुवर्षं झिजणार नाही, पण ओल्यात घसरेल. तो तिकडचा आवाज करत नाही म्हणून महाग, तुम्हाला त्याचा काय उपयोग? हा घ्या. मऊ आहे, जरा लवकर झिजेल, पण ओला रस्ता धरून ठेवेल. आणि माझ्याकडून घ्या नाहीतर कुठूनही घ्या, टायरच्या अंगावरचे हे चार आकडे वाचल्याशिवाय घेऊ नका. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं."

बाईंनी खाली वाकून आकडे वाचले. त्याच वर्षीचे होते. मनात पक्कं करून त्या घरी आल्या.

जेवताना त्यांनी सहज विषय काढला, तर नवऱ्याचा हात ताटातच थांबला.

"अगं, माझ्या सख्ख्या भावाचं टायरचं दुकान असताना तू परक्यांकडून घेणार?"

"परकं काय त्यात? मला हवे तसे टायर तिथे मिळतायत."

"त्याला कळलं तर काय वाटेल? आधीच दुकान जेमतेम चाललंय म्हणतात."

नवरा फार क्वचित कशाचा आग्रह धरी. बाईंनी मान डोलावली.

धाकटे दीर म्हणजे मोठ्या गळ्याचा, सगळ्यांना हसवणारा माणूस. बाईंची गाडी दारात थांबताच ते बाहेर आले. "या, वहिनी! बघा, अखेर गरिबाच्या दारी हत्ती झुलला. लहानसा का होईना!"

बाईंनी मऊ रबराच्या त्या टायरांचं नाव सांगितलं. दिरांनी डोकं खाजवलं. "ते आत्ता नाहीत माझ्याकडे. पण त्याच्यापेक्षा सरस चार बाजूला काढून ठेवलेत. घरच्यांसाठी."

कामगाराला त्यांनी हातही लावू दिला नाही. स्वतः जॅक लावला, टायर चढवले, हवा भरली, मशीनवर चाकं तोलून घेतली आणि शेवटी फडक्यानं काळं पॉलिश असं चोळलं की टायर आरशासारखे चमकले. चहा पाजला. पैसे निम्मेच घेतले. "घरच्या माणसाकडून नफा घेऊ? दादा मला घरात घेईल का?" बाई हसल्या. इतकं आपुलकीनं केलेलं काम वाकून वाकून तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

दीड-दोन महिने बरे गेले. मग एका भुरभुर पावसाच्या सकाळी बाई टेकडीवरून उतरत होत्या. एका आजोबांनी त्या दिवशी आधाराशिवाय चार पावलं टाकली होती, त्या खुशीत होत्या. वळण आलं. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी तशीच सरकत गेली. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच. बेकरीसमोर पावाच्या रिकाम्या क्रेटांची उतरंड होती आणि तिच्याशेजारी एक माणूस छत्री उघडत उभा होता. बाईंना त्याचा चेहरा दिसला. तो छत्री टाकून मागे उडाला, गाडी क्रेटांत घुसली आणि धडाधड आवाज होऊन थांबली.

कुणाला काही लागलं नाही. छत्रीवाला छत्री उचलून शिव्या देत राहिला. बेकरीवाल्यानं बाईंना स्टुलावर बसवून पाणी दिलं. जरा सावरल्यावर त्या उठल्या आणि पुढच्या चाकापाशी जाऊन बसल्या. पावसानं पॉलिश कधीच धुऊन गेलं होतं. रबरावर बारीक भेगा दिसत होत्या, कोरड्या टाचेला पडतात तशा. बाईंनी बोटानं चिखल पुसला आणि चार आकडे वाचले.

टायर आठ वर्षांपूर्वीचे होते.

नवरा कॉलेजातून धावत आला. आधी त्यानं बायकोचे हात-पाय चाचपले, मग तिनं दाखवले ते आकडे बघितले. त्यानं ते पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाला, "त्याला माहीत नसेल."

"टायरच्या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला माहीत नसेल?"

"घाईत राहून जातं एखादं."

"मग पॉलिश कशासाठी केलं? भेगा लपवायला ना?"

"तू उगाच नाही ते मनात आणू नकोस. कुणाला काही झालेलं नाही."

शब्दाला शब्द वाढत गेला. नवरा भावावरचा आळ सहन करीना, बाईंच्या डोळ्यांसमोरून तो छत्री टाकून उडालेला माणूस हलेना. शेवटी नवरा म्हणाला, "हे प्रकरण इथेच मिटव. नवे टायर घे, मी काही म्हणणार नाही." तेच बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या जीव मुठीत धरून, पायी चालणाऱ्यांच्या वेगानं, गाडी दिरांच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दर्शनी भागात टायरांची एक रांग चकचकीत मांडलेली होती. बाई आत शिरल्या तेव्हा त्यांना दिसलं, की त्या रांगेच्या मागे काहीच नाही. रिकाम्या मांडण्या, आणि कोपऱ्यात ताडपत्री टाकून झाकलेले चार टायर.

"भावजी, माझे टायर किती जुने आहेत?"

दिरांचं हसू अर्ध्यातच अडकलं. त्यांनी कामगाराला चहा आणायला पाठवलं. मग स्टुलावर बसले.

"वहिनी, गाडी घसरली का?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. घसरेल हेसुद्धा माहीत होतं.

"एक माणूस मरता मरता वाचला काल."

"देवा!" दिरांनी कपाळ धरलं. "वहिनी, तुमच्या गळ्याशपथ, मला वाटलं नव्हतं. तुम्ही इतकी हळू चालवता, म्हटलं तुम्हाला चालून जातील. एक दुकान बंद होत होतं, त्यानं सगळा माल एकगठ्ठा स्वस्तात दिला. मीपण तेव्हा बघितलं नाही. इथे आणून आकडे वाचतो तर हे. तो फोन उचलीना. मलाही कुणीतरी गळ्यातच मारले हो ते."

"आणि तुम्ही माझ्या गळ्यात मारलेत."

दिरांची नजर ताडपत्रीकडे गेली.

"आणखी कुणाला बसवलेत?"

"नाही, बाहेरच्या कुणालाच नाही. खरंच नाही." त्यांचा आवाज खाली आला. "बाहेरचे लोक आकडे वाचतात."

बाईंना त्याचा अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "घरच्यांपैकी कुणाला?"

"ताईला," दीर म्हणाले. "पण वहिनी, तिला सांगू नका. मी काढून घेईन. महिनाभरात दुसरे आणतो आणि कायतरी निमित्त करून बदलून देतो."

ताई म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण. ती नातवंडांना पोहायला घेऊन मोठ्या रस्त्यानं रोज ये-जा करायची, आणि गाडी हळू चालवणं हा तिच्या स्वभावातच नव्हता.

"महिनाभर कसे थांबता तुम्ही? आत्ता माझ्यासमोर फोन लावा."

दिरांनी फोन हातात घेतला, बघत राहिले, आणि परत खिशात ठेवला. "माझ्यानं नाही व्हायचं."

बाई तिथून थेट चौकातल्या दुकानात गेल्या. चष्मेवालीनं जुने टायर बघितले, बाईंकडे बघितलं आणि कुठून घेतले ते विचारलं नाही. आपण आधी ठरवलेलेच मऊ टायर बाईंनी सांगितले. ते चढत होते तेवढ्यात बाकावर बसून त्यांनी नणंदेला फोन लावला.

ताईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. तो भावावर नाही, बाईंवर. "तू आता दुकानादुकानातून माझ्या भावाची बदनामी करत फिरणार का? त्यानं स्वतःच्या हातानं बसवून दिलेत मला टायर."

"ताई, मलाही त्यांनीच बसवून दिले होते. तुम्ही फक्त खाली वाकून आकडे वाचा."

"मी नाही वाकणार," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. 'बाहेरचे लोक आकडे वाचतात' हे ऐकल्यावर नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग चपला घालून निघून गेला. कुठे, ते सांगितलं नाही.

परत आला तेव्हा त्याच्या पँटचे गुडघे धुळीनं माखले होते. त्यानं टेबलावर एक किल्ली ठेवली.

"तेच साल," तो म्हणाला. "ताई म्हणाली, वाचलंस ना, आता जा. मी गाडीची किल्ली घेऊन आलो."

"तिनं दिली?"

"छे! टेबलावरून उचलली. मागनं ओरडत होती." आयुष्यात पहिल्यांदाच चोरी केल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "टायर बदलेपर्यंत देणार नाही म्हणालो. ती म्हणाली, बायकोच्या सांगण्यावरून आला आहेस. मी म्हटलं, हो."

बाईंनी त्याला पाणी दिलं. आदल्या दिवशीचं भांडण दोघांपैकी कुणीच पुन्हा काढलं नाही.

दोन दिवसांनी बाईंची धाकटी जाऊ आली. एरवी ती हाक मारत यायची. त्या दिवशी बेल वाजवून उभी राहिली. स्वयंपाकघरात बसली, चहाला नको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मी भांडायला आलेले नाही. पण ताईंना सांगितलंत, मोठ्या भाऊजींना सांगितलंत, मला का नाही सांगितलं? मी ताईंकडून ऐकलं. फोनवर. त्या मला चोराची बायको म्हणाल्या."

खरं तर जावेचा विचारच त्यांच्या मनात आला नव्हता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"ते झोपत नाहीत," जाऊ म्हणाली. "मला वाटायचं धंद्याची काळजी. विचारलं की चेष्टा करायचे. आता कळतंय." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम विचारलं, "त्या टायरांतले अजून राहिलेत का?"

"कोपऱ्यात चार आहेत. ताडपत्रीखाली."

"चला माझ्याबरोबर."

चेंडू मांडीवर घेऊन जाऊ पुढच्या सीटवर बसली. दुकानात दीर एकटेच होते. दोघींना एकत्र बघून ते उठून उभे राहिले. जावेनं ताडपत्री ओढून बाजूला फेकली. "हे कापा. माझ्यासमोर."

"अगं, भंगारात देतो ना उद्या."

"भंगारातून कुणीतरी उचलेल आणि पॉलिश करील. कापा."

दिरांनी जाड पात्याची सुरी आणली. टायरची बाजू कापणं सोपं नसतं, रबर सुरीला धरून ठेवतं. पहिला टायर कापताना त्यांच्या हातातून सुरी दोनदा निसटली. दुसऱ्याला जाऊ पुढे झाली आणि तिनं टायर गुडघ्यानं दाबून धरला. बाईंनी तिसरा धरला. चौथा कापून झाला तेव्हा दीर घामानं निथळत होते, आणि रडतही होते, पण त्याकडे दोघींनीही बघितलं नाही.

पुढे ताईंनी टायर बदलले, तिसऱ्याच एका दुकानातून. किल्ली न्यायला त्यांनी नातवाला पाठवलं. बाईंशी त्या अजून बोलत नाहीत. धाकट्या भावाशी मात्र महिन्याभरात बोलू लागल्या. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलू देत. भाऊ आहे." पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हे नवऱ्यानं बघितलं.

दिरांनी नवे टायर ठेवणं बंद केलं. आता ते पंक्चर काढतात, चाकं तोलून देतात. जाऊ दुपारची दुकानात बसते. बाई कधीमधी हवा भरायला तिकडे जातात, मुद्दाम, रस्ता वाकडा करून. दीर बाहेर येतात, हवा भरतात, "कशा आहात, वहिनी?" असं विचारतात. पूर्वी 'वहिनी' म्हटल्यावर पुढे काहीतरी चेष्टा असायची, त्या चेष्टेची बाई अजूनही क्षणभर वाट बघतात. मग "बरी आहे," म्हणतात आणि निघतात.