कॅरियरवरचा युजीन

वसईत ख्रिस्ती माणसाला दोन नावं मिळतात. एक बाप्तिस्म्याच्या वेळी फादर देतात. दुसरं गाव देतं, आणि ते असं चिकटतं की थडग्यावर तेवढं कोरायचं बाकी राहतं. नंदाखालच्या युजीन टेलरला गावाने नाव दिलं होतं 'कॅरियर'. कारण उघड होतं. युजीन बायकोच्या सायकलच्या कॅरियरवर बसायचा.

त्यात बिचाऱ्याचा दोष काही नव्हता. लहानपणी चिंचा पाडताना झाडावरून खाली आला आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. शिवणयंत्राचं पेडल तो उजव्या पायाने झकास मारी, पण सायकलला दोन पाय लागतात. रेजिना मात्र आगाशीच्या सिप्रियनची मुलगी. सिप्रियनचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, आणि ही पोर भाकरी थापायच्या आधी पंक्चर काढायला शिकली होती. लग्नानंतर नवरा रोज उन्हातून लंगडत आगाशीच्या बाजारातल्या आपल्या दुकानात जातो हे तिने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी माहेरची लेडीज सायकल आणून दारात उभी केली आणि म्हणाली, "बस मागं."

युजीन बसला. पण गावाच्या वेशीवर ओहोळ आहे, त्यावर छोटासा साकव आहे. जाताना तो साकवापर्यंत चालत जाई आणि पलीकडे गेल्यावर बसे. येताना साकव आला की उतरे आणि उरलेली वाट लंगडत घरी येई. रेजिना पुढे जाऊन चहा ठेवी. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं. यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला प्रकार. आगाशीच्या बाजारात अर्धं नंदाखाल भाजी विकायला बसलेलं असे, आणि त्यांचे डोळे काही मिटलेले नव्हते.

सगळ्यात जास्त चावरा युजीनचा चुलतभाऊ सॅन्टन. "काय रे कॅरियर, आज घोडी चारापाणी खाऊन निघाली का?" असं भर चर्चच्या पायरीवर विचारी आणि स्वतःच हसे. युजीनही हसल्यासारखं करी. पण बायकोला घोडी म्हटलेलं त्याच्या काळजात रुतून बसे, आणि त्याहून जास्त रुतून बसे ते हे, की आपण त्यावर काही बोलत नाही.

सत्त्याहत्तर सालचा पाऊस सरला आणि एक फ्रेंच जोडपं सायकली हाणत किनाऱ्याकिनाऱ्याने आगाशीत आलं. नेमकं युजीनच्या दुकानासमोर बाईचं चाक बसलं. रेजिना नवऱ्याला न्यायला आलेलीच होती. तिने आपला पंक्चरचा डबा काढला आणि त्या दोघांचा चहा पिऊन व्हायच्या आत चाक फुगवून उभं केलं. मग ओळख झाली. इंग्रजी त्यांचंही तोडकं आणि हिचंही, त्यामुळे कुणालाच लाज वाटली नाही. बाईने युजीनचा खडू घेतला आणि कापड बेतायच्या टेबलावर त्यांच्या देशाचा किनारा काढला. इथे झोपलो, इथे पोहलो, इथे पाऊस लागला म्हणून नुसतेच बसून राहिलो, असं सांगत ती ठिपके देत गेली. दर सुट्टीत ते असंच करत. दमलं की थांबायचं, तंबू ठोकायचा, पावाबरोबर काहीतरी खायचं, वाटलं तर पुढे जायचं. याला त्यांच्यात कॅम्पिंग म्हणतात.

"पण तिथं जाऊन करायचं काय?" रेजिनाने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाली.

ती दोघं सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं घेऊन गेली आणि ते 'काही नाही' मागे ठेवून गेली. रेजिनाच्या डोक्यातून ते निघेना. आजवर ती जिथे गेली होती तिथे काही ना काही कामाने गेली होती: लग्नाला, मयताला, नवस फेडायला माउंट मेरीला. काही न करायला माणूस कुठे जातो हे तिने पहिल्यांदा ऐकलं होतं. टेबलावरची खडूची रेघ युजीनने पुसली नाही. तिच्या बाजूबाजूनेच कापड बेतत राहिला.

एक दिवस ती म्हणाली, "त्यांच्याकडं समुद्र हाय, तर आपल्याकडं काय डबकं हाय?"

बेलाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. घरात दोघंच उरली होती, आणि मांडवाचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड माळ्यावर पडलेलं होतं. युजीनने त्याचा तंबू शिवला. दोन्ही अंगांना लटकवायला कॅनव्हासच्या थैल्या शिवल्या आणि कॅरियरसाठी कापूस भरून नवी गादी केली. मंडळी, तंबू असा शिवला होता की उलटा करून पाहिला तरी टाका दिसू नये. लंगडा असेल, पण हात सोन्याचे होते.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. "दोन दिवसांत निरोप येईल," सॅन्टनने चर्चबाहेर जाहीर केलं. "घोडी बसली, टेम्पो पाठवा म्हणून!"

नाताळचे दिवे उतरले आणि दोघं निघाली. निघाली ती पहाटे, चांगला अंधार असताना. ऊन लागू नये म्हणून, असं युजीन म्हणाला. रेजिनाने मान डोलावली. साकवापर्यंत तो नेहमीसारखा चालत गेला.

अर्नाळ्याहून होडीने खाडी ओलांडली, सायकल होडीत आडवी घातली आणि दातिवऱ्याला उतरून पुन्हा उभी केली. तिथून पुढे ओळखीचं माणूस नव्हतं. रेजिनाने पहिल्याच सुरूच्या बनात सायकल थांबवली. युजीनने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि खो-खो हसत वाळूत आडवी झाली. मग तसंच सुरू झालं. करवंदीच्या जाळीपाशी थांब, बांगड्यांच्या वाळवणीपाशी थांब, कुणाच्या अंगणात ताक मागायला थांब. युजीन मागे बसून समुद्र बघायचा. एडवणच्या बाजारातून दिवसाढवळ्या, भर गर्दीतून, तो कॅरियरवर बसून गेला. कुणी नुसतं वळून पाहिलं, कुणी तेही नाही. आकाश काही कोसळलं नाही.

घोटाळा झाला तो पुढच्या एका कोळीवाड्यात. किनाऱ्याला लागून मोकळी जागा होती, तिथे तंबू उभा राहिला. चार माणसं जमली. त्यांतला सोनू नावाचा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, पुढे होऊन म्हणाला, "कोन तुमी? ह्यो मांडव कसला?"

युजीनच्या तोंडात तो नवा शब्द कधीपासून घोळत होता. छाती काढून तो म्हणाला, "कॅम्प!"

आणीबाणी उठून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. किनाऱ्यावर एकच कॅम्प सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो नसबंदीचा. युजीनलाही ठाऊक होता, पण फ्रेंच शब्दाच्या कैफात त्याला आठवलंच नाही. सोनूने तंबूत डोकावून पाहिलं. पांढऱ्या साडीतली धिप्पाड बाई पत्र्याच्या डब्यात रबराच्या नळ्या आवरत होती, आणि उशाला शिंप्याची वीतभर पात्याची कात्री होती. सोनूचा चेहरा वाळूसारखा झाला.

"किती दिवस हाय कॅम्प?"

"आम्हांला घाई नाही," युजीन प्रेमाने म्हणाला. "सगळ्यांना भेटूनच जाऊ."

घटकाभरात कोळीवाड्यातला पुरुष म्हणून औषधाला उरला नाही. भरती नव्हती तरी होड्या ओढत नेल्या आणि सगळे पाण्यावर गेले. मग बायका आल्या. पुढे सोनूची बायको शकू, हातात मासळी चिरायचा कोयता.

"आमचा एकबी गडी गावायचा नाय तुमाला," ती रेजिनाला म्हणाली. "आनि तुज्या ह्या डाक्टरला सांग, कात्री घेऊन पुढं आला तर मीच त्याचं आपरेशन करीन!"

डॉक्टर तंबूच्या काठीला धरून उभा होता. रेजिनाला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगो बाय, तो टेलर हाय! माझा नवरा हाय! आमी नुसतं फिराया आलोय!"

"फिराया? काय कामाला?"

"काही नाही," रेजिना म्हणाली.

शकूचा विश्वास बसेना. "आनि सायकल एकच कशी? दुसरी कुठंय?"

युजीनने ठरवलं, आता खरं ते सांगून टाकायचं. "एकच आहे. ती चालवते. मी मागे बसतो." आणि हसण्याची वाट पाहत खाली मान घालून राहिला.

कुणी हसलं नाही. शकूने कोयता कमरेला खोवला, सायकलभोवती एक फेरी मारली, गादी दाबून पाहिली. "वसईपासून?" तिने विचारलं. "ह्या भरल्या गड्याला घेऊन? वाळूतनं?" मग ती रेजिनाच्या दंडाला हात लावून म्हणाली, "मलाबी शिकव."

पुरुषांना परत बोलवायला एक होडी पाठवावी लागली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला किनारा डांबरी रस्त्यासारखा घट्ट झाला, आणि रेजिनाने सगळ्या कोळणींना सायकल शिकवली. शकू पडली, शिव्या देत उठली, पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी ती सरळ गेली. वळून आली ती थेट नवऱ्यासमोर. "बस मागं!" म्हणाली. तेच शब्द. युजीन जाळ्यांच्या ढिगावर बसून पाहत होता. त्याला वाटलं, आता सोनू मान फिरवेल.

सोनू उडी मारून बसला. एक हात बायकोच्या खांद्यावर, दुसरा हवेत, आणि वरातीच्या घोड्यावर बसल्यासारखा ओरडत सुटला, "बगा रे, बगा! माजी बायको! माजी बायको चालवते!" अख्खा कोळीवाडा पाण्याच्या कडेने मागे धावला.

युजीन धावू शकत नव्हता. तो बसल्या जागी विचार करत राहिला. हा माणूस शंभर पावलांपुरता मागे बसला आणि सगळ्या गावाला ओरडून सांगितलं. आपण बावीस वर्षं बसलो, आणि एकदाही म्हटलं नाही, की ही माझी बायको आहे, हिच्यासारखी पंचक्रोशीत दुसरी नाही. उलट साकव आला की चोरासारखे उतरलो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याच वेळी रेजिनाचा अभिमानही तेवढाच वाटला. ती तिकडे कमरेवर हात ठेवून उभी होती, पदर खोचलेला, तोंड उन्हाने लाल.

पुढे केळव्यापर्यंत जाऊन, मनसोक्त काही न करून, दोघं परत फिरली. शनिवारी सांजच्याला अर्नाळ्याला उतरली.

"आज इथंच पडू," रेजिना म्हणाली. "उद्या अंधार पडल्यावर गावात जाऊ. ऊन नको." नवऱ्याचंच कारण तिने त्याला दिलं होतं, तेही दुसरीकडे बघत.

"नको," युजीन म्हणाला. "सकाळची पहिली मिस्सा आगाशीच्या चर्चात ऐकू. नंदाखालची मोठी मिस्सा सुटायच्या वेळेला गावात पोचलं पाहिजे."

रेजिनाने त्याच्याकडे पाहिलं आणि तंबूची काठी वाळूत रोवली.

रविवारचं लख्ख ऊन होतं. साकव दिसला तसा रेजिनाचा हात सवयीने ब्रेकवर गेला. सायकल कुरकुरत थांबली, तिने एक पाय टेकवला आणि वाट पाहिली. मागे हालचाल होईना.

"उतरतोस ना?"

"कशाला? तू दमलीस?"

"मी?" रेजिना म्हणाली आणि तिने पेडल मारलं.

साकवाच्या फळ्या वाजल्या. चर्चसमोर माणसंच माणसं होती, पायरीवर नेहमीच्या जागी सॅन्टन. "आला रे, कॅरियर आला!" तो ओरडला आणि माणसं वळली. युजीनने एक हात बायकोच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्याने डोक्यावरची हॅट काढून उंच धरली. ताठ पाय समोर काढला होता तो तसाच ठेवला.

"बाजूला हो, सॅन्टन!" तो गरजला. एवढा मोठा आवाज त्याच्या गळ्यात आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "केळव्यापर्यंत नेऊन आणलंय मला! घोडी नाय, माझी बायको हाय ती! रेजिना!"

सॅन्टन खरंच बाजूला झाला. बायकांतून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गावाने दिलेलं नाव पुढेही राहिलं, पण त्या दिवसापासून कुणी हाक मारली की युजीन आधी हॅट काढायचा.

घर आलं. रेजिना थांबली नाही.

"अगो, घर गेलं मागं!"

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते कॅरियरवरून दिसत नाही. "वरच्या आळीत अजून कोनी बगितलं नाय."