कुकाचा तवा आणि विंचवाची शिट्टी

कुकाबाईनं या वयात सीमेपलीकडचा अमेरिकन ग्रिंगो ठेवलाय, ही बातमी मेक्सिकोतल्या आमच्या रोसारितोच्या टेकडीवर शनिवारी सकाळी फुटली. दुपारच्या जेवणापर्यंत त्या ग्रिंगोला निळे डोळे, लांबलचक गाडी आणि पोहण्याच्या तलावासकट घरसुद्धा मिळालं होतं. बातमी चेलोची. तिचं केस कापायचं दुकान कुकाच्या घरासमोरच, आणि तिची कात्री थांबली तरी तोंड थांबत नाही.

"या डोळ्यांनी पाहिलं!" ती सांगत होती. "किनाऱ्यावर, भर उजेडात! तिनं त्याच्या कमरेला विळखा घातलेला आणि त्यानं मान तिच्या खांद्यावर टाकलेली. लाज म्हणून नाही!"

मान टाकली होती हे खरं, कारण त्याला ती सावरतच नव्हती. समुद्राकाठच्या पांढऱ्या बंगल्यात कुका स्वयंपाकाला आहे. सीमेपलीकडचे माजी सैनिक तिथं येतात. स्फोटांनी मेंदू हादरलेले, झोप उडालेले, पोटच्या पोरांच्या हसण्यानंही दचकणारे. छातीला तारा लावून, परिचारिका शेजारी बसवून, त्यांना आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या मुळाचं औषध देतात. मग माणूस डोळे मिटून आपलं सगळं आयुष्य समोरून जाताना बघत पडतो. दुसऱ्या दिवशी पाय कापसाचे होतात. कुणीतरी धरून वाळूवर फिरवावं लागतं, आणि कुकाचे दंड चांगले दणकट आहेत. एवढंच होतं ते प्रेमप्रकरण. खुलासा ऐकून चेलो दिवसभर हिरमुसली.

मुळात कुकाचं प्रेमप्रकरण सगळ्या टेकडीला पाठ आहे, आणि ते तिच्या नवऱ्याशीच आहे.

निकान्द्रो एके काळी मुष्टियुद्ध खेळायचा. अंगानं काटकुळा, ठोसा मात्र डंखासारखा, म्हणून सगळे त्याला विंचू म्हणत. टेकडीवर प्रत्येक घराची आपापली शिट्टी असते. नावानं हाका मारत बसायला चढावर दम कुणाला उरतो! कोपऱ्यावरून शिट्टी वाजली की ज्याचं त्याला कळतं. कुत्रीसुद्धा आपापल्याच घराच्या शिट्टीला उठतात. विंचवाची शिट्टी म्हणजे दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी एक लाडिक गिरकी. ती ऐकली की कुका तोर्तिया, म्हणजे आमची पातळ पोळी, तव्यावर टाकायची. तो दारात येईपर्यंत ती फुगलेली असायची.

मग मेक्सिकालीच्या सामन्यात तो आडवा झाला. उठला, पुढंही खेळला, पुन्हा आडवा झाला. कुठल्या ठोशानं नेमकं काय नेलं, कोण सांगणार? हळूहळू शिट्टी गेली. आता तो दिवसभर दारापुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वालासारख्या बिया निवडतो. जेवण वाढलं की मान लववून म्हणतो, "आभारी आहे, सेन्योरा."

सेन्योरा! खाणावळीतल्या बाईला म्हणावं तसं. त्यापेक्षा शिवी दिली असती तर कुकाला गोड लागली असती.

आणि रोज त्या बंगल्यात ती काय बघायची? दगडासारखा चेहरा घेऊन आलेला माणूस दोन दिवसांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून कोंबडीच्या रश्श्यात टिपं गाळायचा, फोनवर बायकोला लाडक्या नावानं हाक मारायचा. सगळ्यांचं असं व्हायचं नाही. काही आले तसेच जायचे. पण ज्यांचं व्हायचं, त्यांच्याकडे पाठ करून कुका उगीचच कांदा चिरायला घ्यायची. परक्या बायकांचे नवरे तिच्या रश्श्यावर परत यायचे, आणि तिचा खुर्चीतच!

शेवटी तिनं बंगल्यातल्या डॉक्टरीणबाईंना गळ घातली. भल्या बाई त्या. त्यांनी विंचवाला बोलावून कार्डिओग्राम काढला. मग कागदाची घडी घालून बाजूला ठेवली.

"दोन्या कुका," त्या आदरानं म्हणाल्या, "या औषधानं हृदयावर ताण येतो. यांचे ठोके आधीच अडखळतात. मी हे देऊ शकत नाही."

"थोडंसं दिलं तर?"

"थोड्यानंही जीव जाऊ शकतो."

"आणि बाकीचे बरे होतात ते?"

"काहीजण होतात. का होतात, किती दिवस टिकतं, ते आम्हीही अजून शोधतोय."

"मग शोधा लवकर," कुका म्हणाली. "त्याला वाट बघायचं कळत नाही, पण मला कळतं."

चेलोकडे यावर तोडगा होता. "चिमूटभर आण की उचलून! रश्श्यात घाल. कोण बघतंय?"

कुकाच्या मनात हे कधी आलंच नव्हतं असं नाही. पण तिनं चेलोलाच विचारलं, "शिट्टी परत आणायच्या नादात वाजवणाराच गेला, तर?"

त्याच आठवड्यात डारेल बरा होऊन निघाला. हाच तो खांद्यावर मान टाकणारा ग्रिंगो. फौजेत असताना स्फोटकं लावून दारं उडवायचं काम करायचा. त्याला दोन्या कुकाला फुलं द्यायची होती, पण घर माहीत नव्हतं. टेकडीच्या कोपऱ्यावर येऊन तो गोंधळला. मग त्याला आठवलं, ही बाई रस्सा ढवळताना नेहमी एक शिट्टी वाजवते. ओळखेल, म्हणून त्यानं तीच वाजवली. दोन आखूड, एक लांब, गिरकी.

कुकाचा हात डोक्याआधी हलला. तोर्तिया तव्यावर पडली, आणि ती पिठाच्या हातांनी दाराकडे धावली.

कोपऱ्यावर फुलं घेतलेला ग्रिंगो होता. तिचा चेहरा असा पडला की चेलोलासुद्धा बोलणं सुचलं नाही.

पण खुर्ची रिकामी होती. बिया सगळ्या रस्त्यावर सांडलेल्या, आणि विंचू मुठी आवळून, हनुवटी छातीशी घेऊन, ग्रिंगोच्या समोर उभा.

"कोण रे तू? माझ्या कुकाला शिट्टी मारतोस?"

डारेलनं फुलांसकट दोन्ही हात वर केले.

"ती माझी आहे!" विंचू गरजला.

"कोण, शिट्टी की बायको?" चेलोची जीभ परत आली होती.

"दोन्ही!"

अख्खी गल्ली हसली. कुका हसत होती की रडत होती, ते पिठाच्या हातांनी तोंड झाकल्यामुळं कळलं नाही. ती पुढं झाली, त्याची एक मूठ हातात धरली. "निकान्द्रो," ती म्हणाली. "पुन्हा म्हण. काय म्हणालास मला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या मुठींकडे. दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तसं. सावकाश त्या सुटल्या.

"सेन्योरा," तो अदबीनं म्हणाला, "आत काहीतरी जळतंय."

डारेल गेला. फुलं आठवडाभर टिकली. विंचू त्यानंतर ना भडकला, ना त्यानं शिट्टी वाजवली. कोपऱ्यावर तीच शिट्टी पुन्हा वाजवून बघावी असं टेकडीवरच्या टारगटांना वाटलं होतं, पण कुकानं लाटणं दाखवून ठेवलंय. तवा मात्र ती रोज संध्याकाळी, तो पूर्वी यायचा त्या वेळेला, अजूनही तापवते. पहिली तोर्तिया लगेच टाकत नाही. कान कोपऱ्याकडे लावून जरा थांबते.

परवा चेलोला राहवलं नाही. "कुके, नवरा दारातच बसलाय आणि तू कोपऱ्याकडे कान लावतेस! किती दिवस तो रिकामा तवा तापवणार?"

कुकानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"गॅस माझा, तवा माझा, नवरा माझा. तुझं काय जातंय?"