बाबांच्या हातची आरती

बाबा गेल्यावर आईने घरातली एकच वस्तू कोणाला हलवू दिली नाही, ती म्हणजे कीबोर्ड. भावाने तो दुबईहून आणला होता. आपण वाजवलेलं त्यात साठवता यायचं आणि बटण दाबलं की तो तेच आपणहून वाजवायचा. निवृत्त झाल्यावर बाबांनी त्यात मंडळाच्या गणपतीची आरती भरली. भिलाईत आल्यापासून आरतीची पेटी त्यांच्याच गळ्यात असायची, त्यामुळे चारचौघांसारखं देवापुढे उभं राहणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्या वर्षी कीबोर्ड वाजत राहिला आणि बाबा माणसांमध्ये उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे सुख त्यांना एकदाच मिळालं.

त्यांची आरती त्या यंत्रात सेलच्या जोरावर टिकून होती. सेल उतरले की ती पुसली जाणार. म्हणून आई आधी वायर भिंतीत लावायची आणि मगच सेल बदलायची. तेवढा वेळ तिच्या जिवात जीव नसायचा. म्हणायची, "लाइन गेली तं तुझे बाबा अजून एकदा जातीन."

माझा नवरा पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक्समधला. सासूचे हे हाल त्याला बघवेनात. गणपतीच्या आधी तो फ्लॉपीवर चालणारा नवा कीबोर्ड घेऊन भिलाईतल्या आमच्या रिसालीच्या घरी आला. जुनं यंत्र नव्याला वायरने जोडलं, कानाला हेडफोन लावले आणि दुपारभर बसून आरती फ्लॉपीवर उतरवली. मग जुन्यातले गळायला लागलेले सेल काढून फेकले. "आई, आता काळजी मिटली," तो म्हणाला. ऐकवायला लागला तर आईने थांबवलं. "पयले देवापुढं वाजू द्या, जावईबापू."

स्थापनेच्या संध्याकाळी मंडपात फ्लॉपी सरकवली. पहिली ओळ छान गेली. कडवं संपून ध्रुवपदाकडे वळताना सगळ्या टाळ्या एकदम थांबल्या, आणि कीबोर्ड मात्र न थांबता पुढे निघून गेला. लोक त्याच्यामागे धावले. दुसऱ्या कडव्याला पुन्हा तेच. आरती कशीबशी संपली.

तिथे बाबांचं बोट थांबायचं. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये काम करताना त्यांच्या उजव्या हाताची अनामिका चेपली होती. त्या वळणावर ती जरा उशिरा पडायची आणि सगळं मंडळ तिच्यासाठी थांबायचं. वर्षानुवर्षं थांबून थांबून आरतीची चालच तशी झाली होती. आम्हा इथे वाढलेल्या पोरांना तर ती तशीच असते असं वाटायचं. लग्नानंतर सासरच्या पहिल्या गणपतीत मी एकटीच थांबले होते, आणि पुण्याच्या लोकांना देवापुढेही कसली घाई असते, असं मनात म्हटलं होतं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "एका जागी वेळ मागे पडत होती," तो हळूच म्हणाला. "मशीनमध्ये ती सरळ करायची सोय आहे. मी करून दिली."

माझं डोकं फिरलं. चारचौघांत जावयाला कोणी बोलणार नव्हतं, पण मी बोलणार होते. आईने माझं मनगट धरलं. तिने त्याला एवढंच विचारलं, "जुन्यातून परत निघन का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. सेल काढले तेव्हाच ते पुसलं गेलं होतं.

आईने माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "तुमाले त्यायचं बोट काय मालूम, जावईबापू. तुमी तं चांगलंच करून राहिले होते." तो मंडपामागे जाऊन रडला. माझा राग तिथेच विरला आणि नुसतं दुःख उरलं. बाबा त्या दिवशी खरंच पुन्हा गेले होते.

दुसऱ्या दिवशी आईने कीबोर्ड लावू दिला नाही. पेटीही नको म्हणाली. बायकांच्या मागच्या रांगेत पुटपुटत आरती म्हणणारी माझी आई त्या संध्याकाळी पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने स्वतः सूर धरला. वळणावर ती थांबली, सगळे थांबले. पण बाबा थांबायचे त्याहून कितीतरी जास्त वेळ ती थांबून राहिली. तिच्या ओठांकडे बघत मंडप उभा होता आणि पुढची ओळ उचलायची कोणाचीच हिंमत होईना.