रागावणं सोडलं तेव्हा

माझा स्वभाव तापट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, लाजूनही नाही. सौंसरजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि बगीच्यातच घर. मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिकवते, रोज बसने जाते-येते, आणि बस उशिरा आली की कंडक्टरला चार शब्द ऐकवते. नवऱ्याला ऐकवायला मात्र बसची गरज नव्हती. त्याच्या खिशात खर्रा असायचा.

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी तो विचारतात. लग्नापासून मी नवऱ्याच्या खिशातल्या पुड्या काढून फेकत आले आणि तो नव्या आणत आला. दोघंही आपापलं काम नेमाने करत होतो. मग गेल्या वर्षी त्याला माझी भाजी तिखट लागायला लागली. आयुष्यभर वरून मिरची चावणारा माणूस. एकदा सौंसरच्या बाजारात गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या गाडीवर उभे होतो, तर त्याने गुपचुप बोटांनी मोडलं आणि तुकडे तुकडे करून तोंडात सरकवले. आख्खं मावत नव्हतं.

दाताच्या डॉक्टरने उजेड मारून पाहिलं. आत पांढरे चट्टे आहेत, जबडा आखडत चालला आहे, खर्रा आजपासून बंद करा आणि नागपूरला जाऊन तपासून घ्या, लवकर जा, असं तो म्हणाला. कशाची शंका आहे ते त्याने उच्चारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

नवरा गेला नाही. आधी म्हणाला, बगीच्याला ताण दिला आहे, म्हणजे बहार यावा म्हणून पाणी तोडलं आहे, ताण सुटला की जाऊ. ताण सुटला, फूल लागलं, मग फूल गळून राहिलं म्हणून फवारणी आली. संत्र्याच्या झाडाला बाराही महिने काहीतरी असतंच. मी भांडले, रडले, अबोला धरला, पुन्हा भांडले. त्याने खर्रा सोडला नाही आणि नागपूरची बस धरली नाही.

अशा दिवसांत आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. विषय होता मन शांत ठेवण्याचा. शिकवायला आलेल्या बाईंनी ग्रीस-रोमच्या जुन्या विचारवंतांबद्दल सांगितलं, त्यांना स्टोइक म्हणतात म्हणे. त्यांच्यात एक गुलाम होता आणि एक बादशहा, आणि दोघांचं म्हणणं एकच. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपलं वागणं, आपलं मत, आपला राग आपल्या हातात. दुसऱ्याचं वागणं, दुसऱ्याचं शरीर, उद्या काय होणार हे हातात नाही. जे हातात नाही त्यासाठी जळायचं नाही. मला ते ऐकून एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की थोडी शंकाच आली, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

बसवर प्रयोग सुरू केला. बस उशिरा आली, मी गप्प. कंडक्टर माझ्याकडे दोनदा पाहून गेला. मोबाइलवर या विचारांचे हिंदी व्हिडिओ मिळाले, ते येता-जाता ऐकू लागले. शाळेत कोणी टोमणा मारला तर मी मनात म्हणायची, हे त्याचं तोंड आहे, माझं नाही. जमत होतं. वर्षानुवर्षं चढलेला पारा असा उतरतो याचं मलाच नवल वाटत होतं.

घरी आल्यावर गोंधळ सुरू व्हायचा. नवऱ्याचं तोंड हेही त्याचंच तोंड, मग ते हातात नसलेल्या गोष्टींत धरायचं का? पण त्या तोंडाला रोज जेवू मी घालते. डॉक्टरने सांगितलेलं समजावणं माझ्या हातात, ऐकणं त्याच्या हातात. माझं समजावून झालं होतं. किती वेळा समजावलं म्हणजे आपलं काम संपतं हे त्या व्हिडिओंत कुठे सापडेना. त्या बादशहाच्या घरात खर्रा खाणारं कोणी नसावं. कधी वाटायचं, आपण शहाण्या होत चाललो आहोत. कधी वाटायचं, आपण नुसत्या थकलो आहोत आणि थकण्याला एक चांगलं नाव मिळालं आहे. यातलं कोणतं खरं, ते मला तेव्हा कळलं नाही.

तरी मी नेटाने चालू ठेवलं. पुड्या फेकणं बंद केलं. त्याच्यासाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी काढू लागले, एक शब्द न बोलता. नागपूरचं नाव काढलं नाही. तो सुरुवातीला खूश होता, मग जरा माझ्याकडे बघत बघत राहायचा.

एका दुपारी मी सौंसरच्या स्टँडवर उतरले तर त्याचा फोन आला. मजूर लागले आहेत, बगीच्यातून निघता येत नाही, येताना एक पुडी आणशील का? त्याने गमतीनेच विचारलं असावं. लग्न झाल्यापासून त्याने ही हिंमत केली नव्हती. मी स्वतःला विचारलं, राग येतो आहे का? येत नव्हता. मला अभिमान वाटला, खरंच वाटला. पानठेल्यावर उभी राहिले, खर्रा घोटून घेतला, पर्समध्ये टाकला आणि बगीच्यात नेऊन त्याच्या हातावर ठेवला.

तो झाडाखाली बसला होता. पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुडी उघडली नाही.

"डॉक्टरचा फोन आला होता काय तुले?" त्याने विचारलं.

"नाही. काऊन?"

"खरं सांग. मले कळू नाही देऊन राहिली न तू?"

मला काही समजेना. "तुम्हीच त आणाले सांगितली."

"बाबाले असंच आणून देत होतो आपण," तो म्हणाला.

तेव्हा मला उमगलं. माझ्या सासऱ्यांना नागपूरहून परत आणलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर. ज्या घरात त्यांना बिडीवरून सगळे बोलायचे त्याच घरात मग जो तो त्यांना बिडी आणून द्यायचा. गोड खायला घालायचा. आमच्याकडे असंच करतात. माणूस जायचा ठरला की त्याला कोणी टोकत नाही, मागेल ते देतात. त्या दिवसांत सासऱ्यांवर एकदाही कोणी आवाज चढवला नाही, आणि मीही चढवला नाही.

नवरा इतके दिवस माझी शांतता पाहत होता आणि त्याने तिचा हाच अर्थ लावला होता. म्हणून तर तो माझ्याकडे बघत राहायचा.

"तसं नाही," मी म्हणाले. "मी फक्त रागावणं सोडून राहिली होती."

"मंग रागाव न," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "एकदा रागाव, म्हणजे मले पटते."

मी प्रयत्न केला, पण राग येईना. सवय इतकी पक्की झाली होती की आतून काही उसळलंच नाही, आणि मी घाबरले. त्याला तोंड उघडायला सांगितलं. इतक्या महिन्यांत मी ते उजेडात एकदाही नीट पाहिलं नव्हतं. माझी दोन बोटंसुद्धा आत गेली नाहीत. मग मात्र मी रडत रडत त्याला म्हणाले की उद्या सकाळची बस, आणि बगीचा वाळला तर वाळू दे.

नागपूरला त्यांनी तोंडातला बारीक तुकडा काढला. निकाल पुढल्या आठवड्यात मिळेल, तोवर काही सांगता येणार नाही, म्हणाले. वाट पाहणं सोडून आता हातात खरोखर काहीच नव्हतं. एवढं सगळं शिकून घेतलेली मी नेमकी याच वेळी शांत राहायला हवी होती. पण परतीच्या बसमध्ये बसल्याबरोबर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पहिल्या पुडीपासून सुरुवात केली. गुपचुप काढलं, ताण काढला, फवारणी काढली, त्याच्या मित्रांना धरलं. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघत होती. मी बरोबर करत होते की चूक, मला आजही सांगता येत नाही. तो खिडकीला डोकं टेकून, गालावर रुमाल दाबून ऐकत होता.

बोरगाव मागे पडलं तेव्हा माझा घसा सुकला. मी पाण्याची बाटली काढायला थांबले.

त्याने चटकन माझ्याकडे वळून पाहिलं. "थांबली काऊन?" तो म्हणाला. "बोल न."