शिरीषची सोन्याची चाळ

मित्राने घर घेतलं, की आपल्याकडे दोनच गोष्टी साठतात. ॲसिडिटी आणि किस्से!

इकडे परदेशात, चेरीवूडच्या ऑफिसात शिरीष माझ्या शेजारी बसतो. मी आणि माझी बायको मुग्धा अजून भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि याने जवळच्या विकलोच्या डोंगरात दगडी घर घेतलं! पूर्वी तिथे सोनं निघालं, तेव्हा खाणकामगारांसाठी बांधलेल्या रांगेतलं.

"म्हणजे चाळच की रे!" मी म्हणालो.

"हेरिटेज चाळ!"

माझ्या वडिलांनी चाळीतून बाहेर पडायला उभी हयात घालवली. आणि मी दुसऱ्याच्या चाळीवर जळतोय!

*

वास्तुशांतीला दाराच्या चौकटीवर सगळ्यांची डोकी आपटली. "त्या काळी माणसं बुटकी असायची," शिरीष कौतुकाने सांगत होता.

एकटा मीच ताठ मानेने आत शिरलो. मुग्धा म्हणाली, "काही काही अजून आहेत!"

*

मग कळलं, जुनी वास्तू म्हणून त्याला खिडकी बदलायची परवानगी नाही. फटीतून गार वारा येतो. आठवडाभर मला काय शांत झोप लागली म्हणून सांगू!

पुढच्याच आठवड्यात तिथल्या पेपरात 'वारसा जपणारा रहिवासी' म्हणून शिरीषचा फोटो. त्याच खिडकीत. मफलर गुंडाळून!

*

त्याची आई साताऱ्याहून आली. शेजारचा म्हातारा पॅट इंग्लिशमध्ये बोलतो, काकू साताऱ्याच्या मराठीत. दोघं तासन्‌तास ओट्यावर!

"काकू, समजतं का त्याचं?"

"न समजायला काय झालं? गुडघं दुखत्यात त्याचं बी."

आमच्या लिफ्टमध्ये अजून कुणी 'हॅलो' म्हणत नाही.

*

परवा शिरीषचा फोन. "लगेच या! घरामागच्या ओढ्यात सोनं सापडलं! पॅटला!"

गाडी चालवताना मी ॲसिडिटीच्या दोन गोळ्या चघळल्या! पोचलो, तर ओट्यावर अख्खी रांग जमलेली. मध्ये बशीत एक पिवळा दाणा. शेजारी पॅट, टोपी हातात धरून.

"आमच्या घराण्यात सगळे खाणीत राबले," तो म्हणाला. "दुसऱ्यांसाठी. स्वतःचा हा पहिलाच." आणि त्याने टोपीनेच डोळे पुसले.

मुग्धा बशीवर वाकली. मग तिचा हात कानाकडे गेला. मागच्या खेपेला ओढ्यावर पाय धुताना तिच्या झुमक्याचा दाणा तुटून पडला होता. तोच हा! मीही ओळखला.

मला आतून उकळ्या फुटल्या. आता जिरणार शिरीषची!

मुग्धाने पॅटकडे पाहिलं. केस कानावर ओढले.

"ग्रँड!" ती म्हणाली. "अगदी अस्सल दिसतंय!"